कुडाचं गाव, पाण्याचं कुंपण

बँगोर हे गाव मी भीत भीत पाहिलं. ज्यांना ते मोकळ्या मनानं पाहायचं असेल त्यांनी माझ्या वर्णनावर फार विसंबू नये. लिहितोय ते खरं आहे, पण प्रत्येक गोष्टीवर माझ्या भीतीची सावली पडली आहे आणि ती आता खरवडून निघत नाही.

वेल्सच्या उत्तरेला, समुद्राच्या एका चिंचोळ्या पट्ट्याकाठी हे गाव आहे. समोर अँगलसी नावाचं बेट. गावात विद्यापीठ आहे आणि माझी मुलगी शाल्मली तिथे समुद्रविज्ञान शिकते. हैदराबादला कोठी भागात माझं पुस्तकांचं दुकान आहे. डॉक्टर-इंजिनिअर होऊ पाहणाऱ्या पोरांची पुस्तकं विकतो. पोरगी फॉरेनला आहे हे मी गिऱ्हाइकांना सांगत असे. काय शिकते, असं कुणी विचारलं की विषय बदलत असे. भरती-ओहोटी मोजून पुढे काय करायचं, हे मला कधी उमगलं नव्हतं.

दसऱ्याच्या आधीपासून तिचं बोलणं आटत गेलं. पूर्वी मी कशाचीही काळजी केली की शालू म्हणायची, "लाइट घ्या बाबा." आमच्या हैदराबादची पोरं मनावर घेऊ नको या अर्थानं 'लाइट लो' म्हणतात, त्याचं तिनं केलेलं हे मराठी. ते बंद झालं. मग एका रविवारी ती फोनवर म्हणाली, "बाबा, मला आजकाल काही वाटतच नाही. भूक पण नाही, झोप पण नाही. रडू पण येत नाही." आवाज असा, जसं दुसऱ्याच कुणाबद्दल सांगतेय.

सुलभा, माझी बायको, शेजारी बसून ऐकत होती. फोन ठेवल्यावर एवढंच म्हणाली, "तुम्ही जा." तिला निघता येणार नव्हतं, माझ्या आईचं कमरेचं हाड मोडलेलं, विद्यानगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये आई अंथरुणावर. म्हणून मी एकटाच निघालो. बॅगेत उस्मानिया बिस्किटं, जवसाची चटणी आणि गोंगुऱ्याचं, म्हणजे अंबाडीच्या पाल्याचं, लोणचं. लोणचं वाटेत अर्धं सांडलं आणि माझ्या एकुलत्या एका स्वेटरला त्याचा वास कायमचा लागला.

खोलगटातलं कॅथीड्रल

शालूच्या खोलीत पाहुण्याला जागा नव्हती. तिनं माझी सोय नेरिसबाईंच्या घरी केली होती. नेरिसबाई सत्तरीच्या, शाळेतून निवृत्त, नवरा वारलेला. वरच्या दोन खोल्या पाहुण्यांना देतात आणि आठवड्यातून काही दिवस कॅथीड्रलमध्ये येणाऱ्यांना माहिती सांगतात. पहिल्या सकाळी शालू भेटायला आली. तिचा चेहरा उतरलेला, केस नुसते बांधलेले. मला मिठी मारली, पण तिच्या हातांत जोर नव्हता. "आज क्लास आहेत बाबा. संध्याकाळी भेटू," म्हणाली आणि गेली.

"आणि तुम्ही काय करणार दिवसभर? खिडकीतून मुलीची वाट बघणार?" नेरिसबाईंनी विचारलं. "चला माझ्याबरोबर."

आपण कॅथीड्रल म्हटलं की टेकडीवरचं, लांबून दिसणारं काही डोळ्यांसमोर आणतो. बँगोरचं तसं नाही. ते गावाच्या खोलगट भागात दबून बसलंय, बाजाराच्या रस्त्यापासून चार पावलांवर. मनोरा बुटका. बाहेर ओलं गवत, आत दगडाचा थंड वास. मी दारात थांबलो आणि सवयीनं वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागलो. आमच्याकडे देऊळ असो की दर्गा, उंबऱ्याच्या आधी पायातलं काढायचं हे हाताला पाठ असतं.

"अहो मिस्टर जाधव, नका काढू!" नेरिसबाई हसायला लागल्या. "इथे कुणी काढत नाही. फरशी बर्फासारखी आहे. तुम्हाला न्यूमोनिया झाला तर तुमच्या बायकोला काय सांगू मी?"

दोन म्हाताऱ्या मागे वळून पाहत होत्या. मी ओशाळून नाड्या परत बांधल्या आणि मनात नोंद केली, की इथे बूट काढत नाहीत.

मग त्यांनी मला गावाच्या जन्माची गोष्ट सांगितली. सहाव्या शतकात देनिओल नावाचा एक साधू इथे आला. तेव्हा इथे गाव नव्हतं. झाडी, ओढा आणि समुद्र. रोमन लोक निघून गेलेले, राज्यं लहान लहान, सगळीकडे लुटालूट. अशा काळात ही ख्रिस्ती साधू माणसं एकांत शोधत समुद्राच्या कडेकडेनं फिरत होती. त्यातली काही चामडं ताणून बसवलेल्या होड्यांतून आयर्लंडहून येत-जात. ते ऐकून मला कृष्णेवरच्या आपल्या पुट्ट्या, त्या गोल होड्या, आठवल्या. तशीच टोपली, बाहेरून कातडं. देनिओलनं एक जागा निवडली, हेझल नावाच्या झाडाच्या फांद्या तोडल्या, खुंट्या रोवल्या, त्यांतून फांद्या विणल्या आणि जागेभोवती कुंपण घातलं. आत झोपड्या आणि एक लाकडी देऊळ. त्या विणलेल्या कुंपणालाच जुन्या वेल्श भाषेत बँगोर म्हणत.

"म्हणजे या सगळ्या शहराचं नाव कुंपण आहे?"

"कुंपण. तेही काटक्यांचं." नेरिसबाईंना या गोष्टीचा अभिमान होता. "मोठमोठ्या शहरांना राजांची नावं असतात. आमच्या गावाला कुडाचं नाव आहे."

कूड मला शिकवायला नको होता. देगलूरकडच्या आमच्या गावी माझं बालपण तुराट्यांच्या कुडाआड गेलं. तुरीचं पीक निघालं की काटक्या वाळवायच्या, बांधायच्या, शेणमातीनं लिंपायच्या. दोन-चार पावसाळे गेले की कूड बसायचा, आजोबा परत विणायचे. तसला कूड घालून कुणी गाव वसवलं आणि त्या जागी दीड हजार वर्षं प्रार्थना चालू आहे, हे पटायला जड गेलं.

"त्या पहिल्या मठातलं काय उरलंय?" मी विचारलं.

"काही नाही. समुद्रावरून लुटारू आले, जाळून गेले. पुन्हा बांधलं, पुन्हा जाळलं. आता दिसतं ते फार नंतरचं. जागा उरली. आणि नाव."

"आणि देनिओल?"

"त्याला इथे पुरलेलं नाही. म्हातारपणी तो पश्चिमेच्या एका बेटावर गेला म्हणतात. एन्हली. तिथे खूप साधू गेले, मरायलाच. इथली सगळी अशीच. बेट, कडा, लाटा. जिथे कुणी मागे येणार नाही अशी जागा शोधायचे."

त्या सहज बोलल्या. इतर कुणी ते ऐकून वहीत टिपून घेतलं असतं. मला मात्र शालू दिसली. माझी मुलगीही दोन महिने जिथे कुणी मागे येणार नाही अशी जागा शोधत होती. मला वाटलं, तिनंही आपल्याभोवती कूड विणलाय आणि मी बाहेरून नुसता खडखडवतोय.

पाण्यात गेलेला धक्का

संध्याकाळी शालू मला समुद्राच्या धक्क्यावर घेऊन गेली. लाकडी फळ्यांचा हा लांबच लांब धक्का थेट पाण्यात शिरतो. फळ्यांच्या फटींतून खाली काळं पाणी पळताना दिसतं. मी मधोमध चालत होतो, ती कठड्याला लागून.

"पाण्याला इथे खूप ओढ आहे बाबा," ती म्हणाली. "दोन्ही बाजूंनी भरती येते आणि मध्ये भेटते."

"तू कडेनं नको चालूस."

ती तशीच कडेनं चालत राहिली. टोकाला एक छोटं दुकान होतं. आम्ही चहा घेतला आणि त्यांचा तो चहात भिजवलेल्या मनुकांचा पाव. तिनं एक घास खाऊन बाकीचा माझ्याकडे सरकवला. मग पाण्याकडे बघत म्हणाली, "मी क्लासला जात नाही बाबा. खूप दिवस झाले. सकाळी उठताच येत नाही. मला एक वर्ष सुट्टी घ्यायचीय."

मी तिथे कशासाठी गेलो होतो? तिला विचारायला, ऐकून घ्यायला. विमानात मी तसं घोकलंही होतं. पण भीती माझ्यात नेहमी रागाचे कपडे घालून येते. मी म्हणालो, "दिलसुखनगरच्या कोचिंगमध्येही तू हेच केलंस. अर्ध्यावर सोडलंस. प्रत्येक गोष्ट अर्ध्यावर. तिकडे तुझी आई आजीचं सगळं करून मरतेय आणि तू म्हणतेस उठता येत नाही?"

हे शब्द मी लिहिले नसते तर बरं झालं असतं. पण ते गाळले तर पुढचं सगळं खोटं होईल.

ती रडली नाही, उलट बोललीही नाही. "ठीक आहे," म्हणाली. अगदी सपाट. मला नेरिसबाईंच्या दारापर्यंत सोडलं आणि गेली.

अबेरफ्राउच्या वाटेवर

सकाळी फोनवर तिचा निरोप होता, रोमन अक्षरांतलं मराठी. शालूला मराठी वाचायला जड जातं. 'आज नको भेटायला. समुद्रातल्या चर्चला जातेय. परेशान नका होऊ.' मी लगेच फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद.

नेरिसबाई अंड्याची थाळी घेऊन आल्या तेव्हा मी उभाच होतो. त्यांना निरोपाचा अर्थ सांगितला.

"समुद्रातलं चर्च म्हणजे कुइव्हनचं," त्या म्हणाल्या. "बेटाच्या पलीकडच्या किनाऱ्याला, अबेरफ्राउ गावाजवळ. इवलंसं आहे. भरतीला चारी बाजूंनी पाणी. ओहोटीला दगडांची वाट उघडी पडते, तेव्हा चालत जातात." त्यांनी भिंतीवरचा भरतीचा तक्ता पाहिला आणि त्यांचा हात तिथेच थांबला. "आता पाणी चढायला लागलं असेल."

"गाडी आहे तुमच्याकडे?"

"गाडी आहे. पण आधी कोट घाला. आणि दोन घास खा."

मी काही खाल्लं नाही. खिशात उस्मानिया बिस्किटांची पुडी कोंबली. का, ते मला माहीत नाही.

मेनाईचा झुलता पूल, पलीकडची शेतं, दगडी बांध, मेंढ्या. पाहण्यासारखं खूप असावं. मला आठवतात त्या फक्त पाट्या. लान-अमुक, लान-तमुक. माझं लक्ष वळवायला नेरिसबाई बोलत राहिल्या. लान म्हणजेही कुंपण घातलेली जागाच. एकेका साधूनं एकेक तुकडा कुंपणात घेतला, त्याभोवती वस्ती झाली, वस्तीला त्याचं नाव मिळालं. कुइव्हन हा त्यातलाच, आयर्लंडकडचा म्हणतात. त्याच्या नावाचं ते देऊळ आधी जमिनीवरच होतं. लाटांनी जमीन खाल्ली, थडगी उघडी पडली, तेव्हा भोवती दगडी भिंत बांधून राहिलेलं वाचवलं.

"थडगी उघडी पडली?" मी विचारलं.

"मी गप्प बसते," नेरिसबाई म्हणाल्या, आणि मग खरंच गप्प बसल्या. ते जास्त भयंकर होतं.

दगड

गाडी एका अरुंद वाटेच्या टोकाला थांबली. पुढे पायी उतरायचं. वारा असा, की कानांत दुसरं काही शिरत नव्हतं. मधूनच जवळच्या शर्यतीच्या मैदानावरून मोटारींचा गुरगुराट येई आणि विरे. उतार संपला आणि समोर ते दिसलं. राखाडी समुद्रात गोल दगडी भिंत, आत गवताचा उंचवटा, वर छोटं पांढरं देऊळ. किनाऱ्यापासून तिकडे गेलेली दगडांची वाट मध्यावर पाण्यात बुडली होती. माणूस कुठेच नव्हता.

आणि वाट जिथे सुरू होते तिथे एका सपाट दगडावर शालूचे बूट होते.

मी ते लगेच ओळखले. काळे बूट, हिरव्या नाड्या. मूळच्या नाड्या तुटल्यावर सुलभानं कोठीतून या घेतल्या होत्या आणि शालूनं नाक मुरडत घातल्या होत्या.

नेरिसबाईंनी माझा दंड पकडला. त्यांचा चेहरा पिठासारखा झाला होता. "तिचे?"

मी मान हलवली.

"अरे देवा." त्यांनी फोन काढला. त्या किनारा-रक्षकांना फोन लावतायत हे मला कळत होतं. समुद्रकाठी राहणाऱ्या माणसांना पाण्याच्या कडेला ठेवलेल्या रिकाम्या बुटांचा एकच अर्थ माहीत असतो, आणि त्या घटकेला मलाही तोच ठाऊक होता. 'इथे बूट काढत नाहीत.' कालच मी ते शिकलो होतो.

मी हाका मारल्या. आवाज वाऱ्यानं परत माझ्याच तोंडावर फेकला. मग मी घरी फोन लावला. का लावला? अशा वेळी माझ्या हाताला दुसरा नंबर येत नाही.

"सुलभा, शालूचे बूट सापडलेत," मी म्हणालो. "पाण्याच्या कडेला. ती नाहीये."

पलीकडे आईच्या खोलीतला रेडिओ ऐकू येत होता. सुलभाचा श्वास ऐकू येत होता.

"समोर काय आहे?" तिनं विचारलं.

"पाणी. आणि पाण्यात ते देऊळ."

"मोजे कुठायत?"

"काय?"

"मोजे कुठायत, बघा अहो!"

मी वाकलो. "आत आहेत. गुंडाळी करून. एकेका बुटात एकेक."

"बूट जोडीनं ठेवलेत?"

"हो. वर एक दगड ठेवलाय. वाऱ्यासाठी असेल."

"मग ती देवाला गेलीय," सुलभा म्हणाली. "मीच लावलीय ती सवय. लहान होती तेव्हा दर्ग्याबाहेर सँडल भिरकावून आत पळाली, तर मी परत आणून जोडीनं लावायला लावले होते. अहो, जीव द्यायला निघालेलं माणूस मोजे..."

तिला पुढचं बोलता आलं नाही, आणि मला ते पटवून घेता आलं नाही. डोक्याला पटत होतं, पायांना नाही. फोन वाळूवर टाकून मी पाण्यात शिरलो. मागून नेरिसबाई ओरडल्या. वाळूतून सुलभाचं "अहो! अहो!" ऐकू आलं. पाणी थंड नव्हतं, चावत होतं. दगडांवर शेवाळ होतं. गुडघ्याच्या वर पाणी आलं तसं ते मला बाजूला ओढायला लागलं. शालू म्हणाली होती ती ओढ. पुढच्याच पावलाला मी घसरून आडवा झालो. तोंडात खारं पाणी गेलं, चष्मा गेला. उठलो तेव्हा सगळा समुद्र धुकट झाला होता.

आणि त्या धुकट भिंतीवर एक लाल ठिपका उभा राहिला.

"बाबा!" वाऱ्यातूनही आवाज आला. "मागे जा! पाणी चढतंय! बाबा, मागे जा!"

दोन महिन्यांत पहिल्यांदा तिच्या आवाजात जीव होता. ती माझ्यावर ओरडत होती. मी मागे फिरलो.

भरती

नेरिसबाई फोनवर किनारा-रक्षकांची माफी मागत होत्या. "नाही, नाही, सापडली. देवळात आहे. तिनं बूट काढून ठेवलेत. होय, बूट. त्यांच्यात तसं असतं. सॉरी. फार सॉरी." फोन ठेवून त्यांनी मला त्यांच्या गाडीतल्या, कुत्र्याच्या वासाच्या घोंगडीत गुंडाळलं. मला थरथर सुटली होती. वाळूतला फोन उचलून मी म्हणालो, "दिसली." सुलभा म्हणाली, "आता रागावू नका. मी ठेवते. तिला लावा."

शालूनं फोन सुरू केला होता. पलीकडे पोचायला वाट नव्हती, तिला इकडे यायलाही नव्हती. आमच्या मध्ये पाणी होतं आणि ते उतरेपर्यंत दोघांनाही जागा सोडता येणार नव्हती. मला ती फक्त लाल ठिपका दिसत होती.

"तुम्ही का शिरलात पाण्यात? तुम्हाला पोहता तरी येतं का?"

"नाही."

"मग?"

"बूट बघितले," मी म्हणालो.

आता तिला कळलं. "अयो," ती हळूच म्हणाली. "बाबा, मी भिंतीच्या आत होते, पलीकडच्या बाजूला. ऐकूच आलं नाही. मी बूट असेच काढले. देऊळ आहे ना."

"तुला पाणी चढणार हे माहीत नव्हतं?"

"बाबा, मी भरती शिकते." यात थोडा राग होता आणि तो मला अमृतासारखा लागला. "म्हणून तर या वेळेला आले. भरती असली की इथे कुणी येऊ शकत नाही. इथपर्यंत पाणी चढत नाही, माहितीये मला. मी आधी पण आलेय. बसते नुसती."

"एकटी?"

"हौ. तो साधू पण यासाठीच येत असेल. दिवसातून दोनदा पाणी कुंपण घालतं आणि दोनदा आपोआप उघडतं. मला तेवढंच पाहिजे बाबा. कायमचं कुंपण नक्को. पण थोडा वेळ कुणी विचारू नये, कशी आहेस, जेवलीस का, पुढे काय."

हे तिन्ही प्रश्न माझे होते.

मी तिला एक विचारलं. ते विचारायला मला आयुष्यात सगळ्यात जास्त भीती वाटली. "शालू, तुझ्या मनात कधी ते आलं? मी जे समजलो ते?"

वारा बराच वेळ फोनमधून वाहत राहिला.

"कधी कधी," ती म्हणाली. "करायचं म्हणून नाही. नुसतं येतं आणि जातं. मला त्याची भीती वाटते. म्हणून सुट्टी पाहिजे होती. डॉक्टरकडे जायचं होतं, पण एकटीनं जायला होत नव्हतं."

"मी येतो."

"तुम्ही तिथे पण ओरडणार."

"ओरडलो तर तू उठून ये. मला तिथेच ठेव."

ती हसली का ते मला दिसलं नाही. धक्क्यावर बोललो त्याची मी माफी मागितली. ती "ठीक आहे" म्हणाली नाही. "खूप लागलं मला ते," म्हणाली. हे ऐकणं सोपं नव्हतं, पण त्या सपाट शब्दापेक्षा बरं होतं.

दुपार कलली तशी वाट दगड-दगड करून वर आली. नेरिसबाईंनी आता जा म्हणून मान हलवल्यावर मी माझे चिंब बूट काढले, मोजे पिळून आत ठेवले आणि शालूच्या बुटांशेजारी जोडीनं लावले. अनवाणी त्या वाटेवरून गेलो. शिंपले टोचत होते, तळवे बधिर होत होते. भिंतीच्या पायऱ्यांवर शालू उभी होती, अनवाणी, बोटं निळी पडलेली. तिनं हात दिला. यावेळी हातात थोडा जोर होता.

देवळाला कुलूप होतं. आम्ही भिंतीच्या आडोशाला गवतात बसलो. मी आत काय असेल याचा विचार केला नाही, कुइव्हनचाही नाही. खिशातून उस्मानिया बिस्किटांचा लगदा काढला. तिनं बोटानं चाखला. "ई बाबा, खारट झालंय," म्हणाली, आणि अर्धा खाल्ला.

परतताना किनाऱ्याजवळ पोचलो तेव्हा एक जोडपं कुत्र्याला घेऊन आमच्या दगडापाशी घाबरून थांबलेलं दिसलं. दगडाशेजारी, घोंगडी पांघरून, नेरिसबाई बसल्या होत्या. त्यांचा आवाज वाऱ्याबरोबर आमच्यापर्यंत आला. "काळजी करू नका. बापलेक देवाला गेलेत. त्यांच्याकडे जोडे बाहेर ठेवतात. मी राखण करतेय."

आमच्याकडे देवळाबाहेर, दर्ग्याबाहेर अशी राखण करणारी माणसं बसतात. त्यांच्याकडे मी कधी नीट पाहिलंही नव्हतं.

मी अजून काही आठवडे तिथे राहिलो. डॉक्टरांकडे तिच्याबरोबर गेलो. बाहेरच्या खुर्चीवर बसलो, कारण तिनं तसं सांगितलं. तिनं वर्षाची सुट्टी घेतली, पण राहिली तिथेच, नेरिसबाईंच्या वरच्या खोलीत. मी आईसाठी आणि दुकानासाठी परत आलो.

भीती गेलेली नाही. ती जाते असं ज्यांना वाटतं त्यांना मुलं नसावीत. आमच्यात आता एवढंच ठरलंय, की रोज सकाळी शालू मला त्या किनाऱ्याच्या भरतीची वेळ पाठवते, आणि पाणी चढलेलं असताना मी फोन करत नाही. ती देवळात गेलेली असो की खोलीत झोपलेली. पाणी उतरलं की करतो. मधले तास कोठीच्या गर्दीत, पुस्तकांच्या थप्प्यांमध्ये मी कसे काढतो ते मला विचारू नका. गिऱ्हाईक शरीरशास्त्राचं पुस्तक मागतं आणि मी त्याच्या हातात रसायनशास्त्राचं ठेवतो.

परवा मात्र ऐन भरतीच्या वेळी फोन वाजला. पाहिलं, तिचं नाव. या वेळेला ती कधीच करत नाही. उचलायला दोनदा बोट घसरलं.

"काय झालं?" मी ओरडलोच. "शालू, काय झालं?"

"लाइट घ्या बाबा," ती म्हणाली. "गोंगुऱ्याचं लोणचं संपलंय. आईला सांगा, या वेळी झाकण घट्ट लावून पाठव."